झोपेचे वेळापत्रक

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपल्याकडे कष्टकऱ्याच्या सुखाची खूण म्हणून सांगितली जाते. राबणाऱ्याला अन्नाची चव पाहावी लागत नाही आणि अंथरुणाचा मऊपणाही पाहावा लागत नाही, असा तिचा रोख. निद्रानाश हा गाद्यागिरद्यांवर लोळणाऱ्यांचा, फार तर कवींचा आणि परीक्षार्थींचा विकार, ही समजूतही तिच्याच पोटातली. बोईसर-तारापूर पट्ट्यात मात्र ही म्हण खोटी ठरते. येथे रात्रभर उभ्याने राबलेला माणूस सकाळी खोलीवर येऊन पाठ टेकतो आणि पत्र्याकडे पाहत पडून राहतो. पालघरच्या फलाटावर पहाटेच्या गाडीची वाट पाहणारा कारकून उभ्या उभ्या पेंगतो. पण रात्री घरी परतल्यावर त्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही.

या दोघांची तक्रार एकच वाटली, तरी तिच्यात दोन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आहेत. झोपेला पुरेसा अवकाश असूनही आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप येत नाही अथवा टिकत नाही, आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चालते, तेव्हा वैद्यकशास्त्र त्यास जुनाट निद्रानाश म्हणते. पालघरहून चर्चगेटला जाण्यायेण्यात दिवसाचे चार तास घालविणारा, रात्री अकराला अंग टाकून पहाटे चारला उठणारा पासधारक या व्याख्येत बसत नाही. त्याला झोप येते. वेळच मिळत नाही. त्याच्या व्याधीवरचा उपाय वैद्याकडे नसून रेल्वेकडे आहे. विरार-डहाणू लोकल १६ एप्रिल २०१३ रोजी सुरू झाली. त्या ६४ किलोमीटर मार्गाच्या चौपदरीकरणास डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. मंजुरी आणि गाडी यांमध्ये किती रात्री जातात, हे पासधारकाला कोणी सांगण्याची गरज नाही.

खऱ्या निद्रानाशाचे स्वरूप वेगळे आहे. तो थकव्याचा अभाव नव्हे, तर पहाऱ्याचा अतिरेक आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा धुंदलवाडी परिसरातील कुटुंबांनी कितीतरी थंडीच्या रात्री घराबाहेर, तंबूंत काढल्या. दिवसभर शेतावर खपलेल्या त्या माणसांना झोप का लागत नव्हती, हे समजावून सांगावे लागत नाही. शरीर जागल्याचे काम करीत होते. जुनाट निद्रानाशात जमीन हलत नाही, पण पहारा मात्र उठत नाही. मुलीच्या लग्नाचे कर्ज, बदलीचा हुकूम, आजारपण अशा काही निमित्ताने चार रात्री जागून जातात; निमित्त सरते आणि मग ‘आज तरी झोप येईल ना?’ ही चिंताच त्याची जागा घेते. पुढे पुढे अंथरूण दिसताच माणूस सावध होतो. खुर्चीत वर्तमानपत्र वाचताना पेंगणारा गृहस्थ पलंगावर जाताच टक्क जागा का होतो, याचे उत्तर यात आहे.

अशा माणसाला आपला समाज उदारपणे उपाय सुचवितो. दुधात जायफळ घाला, तळपायाला तेल चोळा. यांत अपाय काही नाही. ताडी किंवा दारू हा उपाय मात्र फसवा. मद्याने झोप लवकर लागते हे खरे. पण उत्तररात्री तीच झोप विस्कटते आणि तीन वाजता माणूस कोरड्या घशाने उठून बसतो. झोपेच्या गोळ्यांची गोष्टही फारशी निराळी नाही. अल्प्राझोलामसारखी औषधे २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदाराने तीन वर्षे ठेवावी लागते. संकटाच्या दिवसांत डॉक्टरांनी मोजून दिलेली गोळी उपयोगी पडते. शेजाऱ्याच्या डब्यातली वर्षानुवर्षे घेतलेली गोळी सवय लावते, आणि ती एकाएकी सोडणेही धोक्याचे असते.

गेल्या अर्धशतकात या विकारावर जो खात्रीचा उपचार सिद्ध झाला, तो बाटलीत मिळत नाही, म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात होत नाही. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये एक साधा विचार मांडला : अंथरूण आणि जागरण यांची जडलेली सांगड तोडावी. झोप आल्याखेरीज आडवे होऊ नये. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही असे वाटल्यास उठून दुसरीकडे बसावे, मंद प्रकाशात काहीतरी निरुपद्रवी वाचावे, पेंग आली की परतावे. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ बदलू नये. १९८७ मध्ये आर्थर स्पीलमन यांनी त्यास जोड दिली : आठ तास पडून पाच तास झोपणाऱ्याने काही आठवडे अंथरुणातला वेळच कमी करावा, झोप घट्ट झाली की तो हळूहळू वाढवावा. हे सल्ले विचारांच्या शिस्तीसह देणाऱ्या वर्तनोपचाराला अमेरिकेतील वैद्यांच्या प्रमुख संस्थेने, ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ने, २०१६ मध्ये गोळ्यांच्या आधीचे स्थान दिले. पहिला पंधरवडा कठीण जातो, दिवसा झापड येते. यंत्रावर काम करणाऱ्याने, वाहनचालकाने किंवा अपस्माराच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्यावाचून अंथरुणातला वेळ घटवू नये. मोठ्याने घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडकणाऱ्याने तर आधी तपासणीच करून घ्यावी. उपचारक जवळ नसेल, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

आता हे सारे बोईसरच्या एका खोलीत आणून पाहावे. ‘उठून दुसऱ्या खोलीत बसा’ असे पुस्तक म्हणते. दुसरी खोली कोठून आणायची? ज्याला ओटा आहे त्याने ओट्यावर बसावे, नाही त्याने भिंतीशी पाठ टेकून, अंथरुणापासून चार हात दूर. एवढी तडजोड शास्त्रालाही चालते. सायंकाळच्या चहाची मात्र तडजोड करू नये. त्यातल्या कॅफीनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही रक्तात असतो. पण ‘ठरलेल्या वेळी उठा’ ही जी उपचाराची मुख्य अट, तीच येथे मोडते. कारण खैरापाडा, सालवड, पास्थळ येथील भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगाराची उठण्याची वेळ या आठवड्याला एक, पुढच्या आठवड्याला दुसरी.

तारापूरच्या अणुवीज केंद्राने १९६९ मध्ये वीज देण्यास प्रारंभ केला आणि या किनाऱ्यावर रात्र ही कामाची वेळ झाली. पुढे औद्योगिक वसाहतीतील रासायनिक, औषधी, कापड व पोलाद कारखान्यांनी तीच रीत चालविली. रासायनिक प्रक्रिया मध्यरात्री अर्धवट सोडता येत नाही. तेव्हा रात्रपाळी नकोच, ही मागणी भाबडी ठरेल. परंतु शरीरातील घड्याळ प्रकाशावर चालते, हजेरीपटावर नव्हे. पेशीपेशींत असलेल्या या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रपाळीचा माणूस सकाळी घरी येतो, तेव्हा हे घड्याळ त्याला उठवीत असते. गडद चष्मा, काळा पडदा, कानात बोळे यांनी थोडा लाभ होतो. तरीही दिवसाची झोप त्रोटकच राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले आहे.

पाळ्यांचा क्रम कसा असावा, याविषयीचा एक प्रयोग तारापूरकरांनी मुद्दाम ध्यानात ठेवावा, कारण तो एका रासायनिक कारखान्यातच झाला. अमेरिकेत युटा राज्यातील ऑग्डेन येथे कामगारांच्या पाळ्या दर आठवड्याला उलट्या क्रमाने फिरत : रात्र, मग दुपार, मग सकाळ. चार्ल्स झाइसलर व सहकाऱ्यांनी क्रम पुढे सरकणारा केला आणि एक पाळी तीन आठवडे टिकविली. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, कामगार अधिक समाधानी झाले, त्यांची प्रकृती सुधारली आणि उत्पादनही वाढले. माणसाचे आंतरिक घड्याळ चोवीस तासांहून किंचित संथ चालते. त्यास मागे रेटणे सोपे, पुढे ओढणे अवघड. उलट्या पाळीत नेमके अवघड तेच मागितले जाते. सुधारणेस एका पैचेही यंत्र लागले नाही, हे कारखानदारांच्या कानी घालण्यासारखे आहे.

यात केवळ कामगाराच्या आरामाचा प्रश्न नाही. ८ मार्च २०१८ च्या रात्री तारापूर वसाहतीत झालेल्या स्फोटाचा हादरा दूरवरच्या गावांना भूकंपासारखा वाटला होता. त्याचे कारण झोप होती, असे म्हणण्यास आधार नाही. पण भोपाळ आणि चेर्नोबिल या दोन्ही दुर्घटना मध्यरात्रीनंतरच्या प्रहरांतल्या, आणि त्या प्रहरी माणसाचे अवधान सर्वांत मंद असते, हे मोजून सिद्ध झालेले आहे.

शासनाला झोपेचे महत्त्व कळत नाही असे नाही. चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आत भरवू नयेत, असा निर्णय शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. (ज्यांचे घड्याळ वयपरत्वे सर्वांत उशिरा चालते ते नववी-दहावीचे विद्यार्थी त्यातून वगळले गेले, हे शिक्षकांच्या लक्षात आलेच असेल.) सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना मनाई केली आणि २०१२ मध्ये झोप हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मात्र रात्रपाळीवाला झोपतो तो दुपारी, आणि दुपारच्या ध्वनिक्षेपकाला अशी मनाई नाही.

उलट, सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, हे समर्थन कागदावर निर्दोष दिसते. झोप मात्र आठवड्याच्या हिशेबाने घेता येत नाही. बारा तास काम, दोन तास जाणेयेणे आणि स्वयंपाक-आंघोळ-बाजार यांनंतर उरते काय? कामगार संघटना या प्रश्नावर बोलणी करतील तेव्हा त्यांनी जादा कामाच्या दरापाशीच थांबू नये. पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असाच असावा, रात्रपाळी संपवून निघालेल्यास ‘डबल ड्यूटी’साठी थांबवू नये, आणि पाळ्यांचा तक्ता पंधरा दिवस आधी दारावर लागावा. हाच तक्ता कंत्राटदाराच्या माणसांनाही लागू असल्याचे त्यावर लिहिलेले असावे, कारण खैरापाड्याच्या खोल्यांतून दुपारी जागे असणाऱ्यांत बहुसंख्या त्यांचीच आहे.