रुमालाखालचा भाव

सांगोल्याचा रविवारचा बाजार. दोघं समोरासमोर उभे, हातात हात, वर उपरणं टाकलेलं. तोंडं कोरी. बोटं मात्र खाली बोलत असतात. एक बोट धरलं म्हणजे हजार की दहा हजार, हे समोरचं जनावर बघून ज्याचं त्याला कळतं. शहरातून कॅमेरे घेऊन आलेले लोक या पद्धतीवर फार भाळतात. मला ती कधीच आवडली नाही. हेड्या, म्हणजे जनावरांचा दलाल, आधी विकणाऱ्याची बोटं धरतो, मग घेणाऱ्याची. दोन्हीकडचे आकडे ठाऊक असतात फक्त त्याला.

बैलाच्या व्यवहारात निदान शेतकऱ्यालाही पारख असते. जबडा उघडला की वय लपत नाही. पक्का दात नसेल तो आदत, दोन आले की दुसा, चार झाले की चौसा, आठही आले की जुळलेला. मग खूर, कातडीचा ताण, अंगावरची गोम. खिलार खोंड जरा तडफदार निघालं की आटपाडी-खरसुंडीकडची जाणती माणसं त्याला पळवून बघतात. बैलगाडा शर्यतींचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये अखेर मोकळा केला, तेव्हापासून पळणाऱ्या खोंडाचा भाव औताच्या बैलाच्या हिशेबात बसत नाही. थकलेल्या बैलाची गत उलटी. २०१५च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर त्याला गिऱ्हाईक मिळणंच मुश्कील.

दुभती गाय घेताना तर तुडुंब कास बघून भुलूच नका. आदल्या संध्याकाळची धार चुकवली की कोणतीही कास तुडुंब दिसते. लागोपाठ दोन-तीन धारा स्वतः बघा. चारही सडांची पहिली चिळकांडी काळ्या फडक्यावर घ्या. गाठी दिसल्या तर दगडी, म्हणजे कासेचा आजार आहे, घरी या.

खरी लूट मेंढरांत होते. जतकडचं उंचपुरं माडग्याळ असो की काळं, काटक दख्खनी, व्यापारी कमरेवर हात दाबतो, मेंढरू पुढच्या पायांवरून जरा उचलतो आणि किलोचा आकडा मनात धरतो. रोज तेच करणाऱ्याचा हात चुकत नाही. धनगर वर्षातून काही वेळाच विकतो, तेही बियाण्याला किंवा पोराच्या फीला पैसे हवेत म्हणून. व्यापाऱ्याला ही नडही माहीत असते. दुकानात मटण किलोवर तोलतात, बाजारात मेंढरू मात्र नगावर, अंदाजाने जातं. हा कुठला न्याय?

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून 'सुवर्णा' तयार केली. एका वेतात दोन कोकरं, म्हणजे विकायला जास्त माल. काम मोठंच आहे. पण दुसरं कोकरूही अंदाजानेच जाणार असेल तर त्या जुळ्याचा फायदा व्यापारीच घेणार. सरकार जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला मारतं. नंबर नोंदला जातो, वजन नाही.

प्रत्येक बाजार समितीने फाटकाशी पिंजऱ्याचा एक वजनकाटा ठेवावा. मेंढपाळाला फुकट, आकडा सगळ्यांना दिसेल असा. त्यानंतर खुशाल उपरणं टाका. समितीची निवडणूक लागली की उमेदवार दारात येतीलच. चहा नंतर द्या, आधी काट्याचं विचारा.