आडव्या बाटलीआधी मतदारयादी

शहरातला एखादा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवायची वेळ आपल्याकडे क्वचितच येते. रस्ता, नळ, घरपट्टी, सगळं नगरपरिषदेत ठरतं. पण परवान्याचं दारूचं दुकान बंद करायचं की नाही, हे ठरवायचा हक्क रिसोडच्या प्रभागातल्या बायांना आहे. राज्य सरकारच्या 2008च्या आदेशाने तो गावांना दिला, तसा शहरातल्या प्रभागांनाही दिला.

प्रभागातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. मग सह्यांची पडताळणी होते. अंगठा तुमचाच का, निवेदन समजून दिलं का, हे बाईला विचारलं जातं. दुकानदार त्याच गल्लीतला असला, तर तेवढं ‘हो’ म्हणायलाही हिंमत लागते. त्यानंतर तारीख ठरते आणि गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर उमेदवार नसतो. एक बाटली उभी, म्हणजे दुकान चालू; एक आडवी, म्हणजे बंद. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही कुणाला विचारावं लागत नाही.

खरी मेख मोजणीत आहे. आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. समजा, यादीत 1000 बाया आहेत. 600 आल्या, 490 जणींनी आडवी बाटली निवडली, 110 जणींनी उभी. तरी दुकान चालूच राहतं. म्हणजे जी आली नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला जातं. न येणाऱ्यांत लग्न होऊन सासरी गेलेल्या मुली असतात, कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या बाया असतात आणि यादीत अजून नाव असलेल्या मयत म्हाताऱ्याही असतात.

याच्याशी गोव्याचा कौल ताडून पाहा. 16 जानेवारी 1967ला गोव्याने जनमत कौल दिला. तिथेही चिन्हंच होती: महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. दोन पानांना 34,021 मतं जास्त पडली आणि गोवा वेगळा राहिला. मोजली गेली ती पडलेली मतं. एका प्रदेशाचं भवितव्य तेवढ्यावर ठरलं; गल्लीतल्या दुकानाला मात्र त्याहून कडक कसोटी.

मूठभर लोकांच्या रागापायी कुणाचा परवाना जाऊ नये, हे मला मान्य आहे. निम्म्याची अट राहू द्या. पण मग ती यादी हयात आणि इथे राहणाऱ्या बायांची असली पाहिजे. मतदानाआधी प्रशासनाने ती घरोघर जाऊन तपासावी, निवेदन आल्यापासून मतदानापर्यंतची मुदत बांधून द्यावी आणि सोयाबीनच्या सोंगणीत तारीख धरू नये. बुडालेल्या रोजाची भरपाई मतपेटी देत नाही.

तोवर बायांनी सह्या गोळा करण्याआधी प्रभागाची यादी मिळवावी. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना (बीएलओ) सोबत घेऊन मयतांची नावं वगळण्यासाठी नमुना 7 भरावा आणि सासरी गेलेल्या लेकींना नाव तिकडे हलवण्यासाठी नमुना 8 भरायला सांगावं. कंटाळवाणं काम आहे, पण दुकान बंद होणार की नाही याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.