आधी भामट्यांची रीत शिकवा

‘गेममध्ये मोफत डायमंड मिळवा’ या लिंकवर टिचकी मारणाऱ्या मुलाच्या हातात बहुधा आई-वडिलांचाच फोन असतो. बँकेचे अ‍ॅप त्यातच आणि ओटीपीही तिथेच. मुलांना फोनची नुसती भीती घालून भागणार नाही. आमिष दाखवणे, घाई करणे आणि ‘घरी सांगू नकोस’ असे बजावणे, ही भामट्यांची रीत त्यांना शिकवायला हवी. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही, हे पाचवीतल्या मुलालाही कळते. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा १९३० हा क्रमांक वर्गावर्गांत लावावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. पण ओरडा बसण्याची धास्ती असेल, तर मूल तोंडच उघडणार नाही. तेव्हा पालकांनीही थोडा धीर शिकावा.