पाच हजारांच्या आतली चोरी

जुन्या दंड संहितेत चोरी, मग ती कितीचीही असो, दखलपात्र गुन्हा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी अदखलपात्र झाली. म्हणजे मजुराचा साधा मोबाईल चोरीला गेला, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत! त्याचे बँकखाते, कामाचा निरोप, सारे त्याच मोबाईलवर. साहेबाच्या हाती संध्याकाळी नवा मोबाईल येतो. मजुराला त्यासाठी कर्ज काढावे लागते. मग कोणाची चोरी मोठी? बांधवांनो, चोरी झाली असेल तर ‘गहाळ’ या नोंदीवर सही करू नका. चोरीच लिहायला लावा. आणि ही पाच हजारांची अट रद्द करण्याची मागणी लावून धरा!