वर्गणी आमची, जाहिरात त्यांची

‘पैसे भरून बघतो, म्हणून जाहिरात नको, हा निव्वळ हट्ट आहे. पेपरही विकत घेता, त्यात जाहिराती नसतात का?’ प्राइम व्हिडिओवरच्या जाहिरातींबद्दल आमच्या विट्यातल्या एका जाणत्या गृहस्थांचं हे ताजं मत. गृहस्थ अभ्यासू आहेत. कुठलीही दरवाढ झाली की तिच्यात ग्राहकाचंच हित कसं दडलंय, ते शोधून काढण्याचा त्यांचा अभ्यास गेली पंचवीस वर्षं अखंड चालू आहे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मालिका आणि सिनेमे करायला पैसा लागतो. तो एकतर तुमच्याकडून घ्यायचा, नाहीतर साबणवाल्याकडून. साबणवाला देतोय म्हणून तुम्हाला स्वस्तात मिळतं. जाहिराती टीव्हीपेक्षा कमीच असतात. ज्यांना तेवढ्याही सोसत नाहीत त्यांनी महिन्याला १२९ रुपये जादा भरावेत, हॉटेलातल्या एका ताटाचे पैसे. तेही जमत नसेल तर बंद करावं, कुणी जबरदस्ती केलेली नाही. शिवाय सगळं अटींमध्ये लिहिलेलंच असतं. म्हणजे कुरकुर करणारे आपण एकतर चिक्कू किंवा अडाणी.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढू. पैसा लागतो, कबूल. मग दर वाढवा ना! ॲमेझॉन प्राइम आपल्याकडे २०१६ साली आलं तेव्हा वर्षाला ४९९ रुपये होते, पुढच्या वर्षी ९९९ झाले, डिसेंबर २०२१मध्ये १,४९९. पाच-सहा वर्षांत तिप्पट. कुरकुरत का होईना, लोकांनी भरले. त्या वाढीत लपवाछपवी नव्हती. मुदत संपली की नवा आकडा दिसायचा, परवडला तर भरायचा. टीव्हीपेक्षा जाहिराती कमी आहेत याला पुरावा काय, तर कंपनीनं स्वतःच दिलेलं आश्वासन. आणि ‘नको असेल तर बंद करा’ हा सल्ला वर्षाचे पैसे भरून बसलेल्या माणसाला देणं म्हणजे त्याचे पैसेही गेले आणि सिनेमाही गेला.

आता पेपर. पेपरातली जाहिरात पान अडवते, डोळे अडवत नाही. श्रद्धांजलीच्या चौकटी आणि शिकवणीवर्गांच्या यशाचे फोटो ओलांडून मी अग्रलेखाकडे सरळ जाऊ शकतो. पेपर मला ‘तीस सेकंद थांबा’ म्हणत नाही. शिवाय महिन्याच्या शेवटी रद्दीवाला त्या जाहिरातींचेही पैसे मला देतो. अशी रद्दी कुठला ओटीटीवाला घेतो ते गृहस्थांनी सांगावं.

पण माझं खरं भांडण जाहिरातीशी नाहीच. भांडण आहे ते मध्येच अट बदलण्याशी, आणि गृहस्थ नेमके तिथून पाय न वाजवता निघून गेलेत.

घटनाक्रम बघा. १३ मे २०२५ रोजी प्राइम व्हिडिओनं जाहीर केलं की १७ जूनपासून भारतात सिनेमे आणि मालिकांमध्ये जाहिराती दिसतील. नको असतील तर महिन्याला १२९ किंवा वर्षाला ६९९ रुपये वेगळे. आता समजा एखाद्यानं एप्रिलमध्ये १,४९९ रुपये भरून वर्षाची वर्गणी घेतली. त्यानं काय विकत घेतलं होतं? जाहिरातीविना सिनेमे. (सामान घरपोच येतं, गाणीही मिळतात, हे मान्य. पण संध्याकाळी आठ वाजता घरातली माणसं टीव्हीपुढे पार्सल बघायला बसत नाहीत.) पहिले दोन महिने ते मिळालं. उरलेले दहा महिने दुसरंच काहीतरी मिळालं, आणि पहिलं परत हवं असेल तर मूळ वर्गणीच्या जवळजवळ निम्मी रक्कम वर. पैसे परत करायची भाषा नाही, मुदत संपेपर्यंत जुन्या ग्राहकाला जुन्या अटीवर ठेवण्याचा विचार नाही. या व्यवहाराला गृहस्थ ‘पर्याय उपलब्ध करून देणं’ म्हणतात.

त्यांना समजेल असं सांगतो, कारण त्यांच्या घरात तीन पिढ्या गलाईचा धंदा आहे. खानापूर-आटपाडीकडची आपली माणसं केरळ-तामिळनाडूपासून बंगालपर्यंत सोनं-चांदी गाळायला गेली आणि परक्या मुलखात सराफांच्या विश्वासावर उभी राहिली. मजुरी किती आणि घट किती धरायची, हे भट्टी पेटायच्या आधी ठरतं. आता कल्पना करा, दागिने मुशीत वितळलेत आणि गलाईवाला म्हणतोय, ‘मजुरी ठरली तीच, पण आजपासून यातलं थोडं सोनं मी ठेवून घेणार. ते नको असेल तर वेगळी मजुरी द्या. पावतीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलंय.’ त्या सराफकट्ट्यावर त्याचं दुकान दुसऱ्या दिवशी उघडेल का? गृहस्थांच्या आजोबांनी हे केलं असतं तर आज नातवाला अर्थशास्त्रावर बोलायला फुरसत मिळाली नसती.

‘अटींमध्ये लिहिलंय’ हे त्यांचं ब्रह्मास्त्र. अमेरिकेत २०२४च्या जानेवारीत याच कंपनीनं हाच प्रकार केला, ग्राहक कोर्टात गेले आणि दावा टिकला नाही, हेही ते मोठ्या समाधानानं सांगतात. ठीक आहे. सेवेत बदल करण्याचा हक्क कंपनीनं अटींत राखून ठेवलेला असतो, हे खरं. पण कायद्यात बसणारी गोष्ट न्यायाची असतेच, असं गृहस्थ इतर कुठल्या बाबतीत म्हणतात? वीजबिलातला स्थिर आकार कायद्यात बसतो. त्यावर ते दर महिन्याला तळमळतात. त्या अटी वाचून, समजून कोण सही करतं? मोबाइलवर ‘मान्य आहे’ दाबल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही. एकाला हवं तेव्हा कलम बदलता येतं आणि दुसऱ्याला फक्त मान डोलावता येते, त्याला करार म्हणायला जीभ वळत नाही. इथल्या यंत्रमागावर काम करणाऱ्या एका पोरानं दोन वाक्यांत निकाल दिला होता : ‘पैसं बी आपुनच द्यायचं आन् जाहिरात बी आपुनच बघायची? मग त्येंनी काय करायचं?’ याला उत्तर द्या.

आणि ‘एका ताटाचे पैसे’ हा हिशेब कुणाचा? पैसा सोडा, डेटा बघा. ज्याच्या फोनला दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज आहे, त्याच्या त्या दीड जीबीतूनच जाहिरातही उतरते. म्हणजे जाहिरातीची वाहतूकसुद्धा बघणाऱ्याच्याच खर्चानं.

गृहस्थांची ही पहिलीच वेळ नाही. २०१९ साली ट्रायची नवी दरपद्धत आली, १३० रुपये अधिक जीएसटी भरून शंभर चॅनेल आणि पैशाचे चॅनेल आपण निवडायचे, तेव्हाही हेच म्हणत होते की ग्राहक आता राजा झाला, बिल निम्म्यावर येणार. राजा झालेला ग्राहक चॅनेलांच्या याद्या घेऊन केबलवाल्याच्या दारात उभा होता आणि अनेक घरांत बिल वाढून आलं. त्याआधी सेट-टॉप बॉक्स आला, तेव्हा म्हणाले होते, चित्र स्वच्छ होणार. ते झालं, नाही म्हणत नाही. स्वच्छ चित्रात जाहिरातीही स्वच्छ दिसू लागल्या.

त्या टीव्हीला निदान एक कुंपण तरी आहे. केबल टेलिव्हिजन नियमांप्रमाणे तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत : दहा मिनिटं धंद्याच्या, दोन मिनिटं चॅनेलच्या स्वतःच्या. हे कुंपण किती ठिकाणी मोडलंय, ते कुठलीही मालिका बघणाऱ्या बाईला विचारा. पण मोडायला का होईना, कुंपण आहे. ओटीटीसाठी २०२१चे नियम आले. त्यांत वयोगटाप्रमाणे वर्गवारी आहे, तक्रार निवारणाची उतरंड आहे. तासाला किती जाहिराती, याबद्दल अक्षर नाही. आज कमी आहेत म्हणता, उद्या वाढल्या तर अडवणार कोण? गृहस्थांचं उत्तर तयार असेल : स्पर्धा. स्पर्धेचं काय झालं तेही बघितलं. फेब्रुवारी २०२५मध्ये दोन मोठ्या सेवा एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं. त्यांच्या बाजूनं एवढं म्हणेन की स्वस्त योजनेत जाहिराती असतील आणि महागात नसतील, हे त्यांनी दारावरच लिहिलं. महागातही थेट सामन्यांत जाहिराती राहतीलच, हेसुद्धा.

थिएटरातही तिकीट काढून जाहिराती बघताच ना, असाही दाखला गृहस्थांनी दिलाय. तो तर त्यांच्याच अंगावर येतो. बंगळुरूत एका प्रेक्षकानं तक्रार केली की चार वाजून पाच मिनिटांचा म्हणून सांगितलेला सिनेमा जाहिराती संपवून साडेचारला सुरू झाला. फेब्रुवारी २०२५मध्ये ग्राहक आयोगानं थिएटरवाल्यांना दंड केला आणि तिकिटावर सिनेमाची खरी वेळ छापा म्हणून सांगितलं. पुढे उच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली, हेही सांगून टाकतो, नाहीतर गृहस्थ सांगतील. पण सिनेमा सुरू झाल्यावर मध्ये टूथपेस्ट आणण्याची हिंमत अजून थिएटरवाल्याला झालेली नाही. जत्रेतल्या तंबूतसुद्धा गावातल्या कापडदुकानाच्या जाहिरातीची काच मध्यंतरातच दाखवायचे, लोक शेंगा घ्यायला उठलेले असताना. नायकाचा श्वास अडकलाय आणि मध्येच डिटर्जंट, ही प्रगती भरल्या वर्गणीतच अनुभवायला मिळते.

मग मागणी काय? जास्त काही नाही. ज्यानं ज्या अटीवर पैसे भरले, त्याची मुदत त्याच अटीवर पुरी करा, नाहीतर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत द्या. जाहिरातीवाली आणि बिनजाहिरातीची योजना पैसे घेण्याआधी शेजारी शेजारी मांडा. टीव्हीला आहे तशी तासाची मर्यादा ओटीटीलाही घाला. आवाजाचंही बघा, कॅलिफोर्नियानं २०२५मध्ये कायदा केला की कार्यक्रमापेक्षा जाहिरातीचा आवाज मोठा असता कामा नये, तो १ जुलै २०२६पासून तिथल्या ओटीटीला लागू. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३मध्ये फसव्या मांडणीचे तेरा प्रकार बंद करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पैसे उकळण्यासाठी ग्राहकाला पुन्हा पुन्हा अडवून भंडावणं हा त्यातलाच एक प्रकार. जाहिरात दाखवायची आणि तिच्याच शेजारी ‘जाहिरात नको असेल तर पैसे भरा’ असं बटण ठेवायचं, हे त्यात बसतं का, याचा निकाल प्राधिकरणानं द्यावा. माझ्या मते बसतं.

तोवर वाचकांनी एवढं करावं. वर्गणी आपोआप कापली जाते, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमान चोवीस तास आधी बँकेनं तुम्हाला तसं कळवणं बंधनकारक आहे. तो मेसेज न वाचता पुसू नका. त्या दिवशी आपोआप भरणा बंद करा, जाहिरातीची अट नव्यानं वाचा आणि मगच पैसे भरायचे की नाही ते ठरवा. मुदतीच्या मध्येच अट बदलली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवा. तेवढ्यावर भागलं नाही तर सांगलीला जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.