टँकर धुतला, पण पाइपाचे काय?

आषाढी वारी जवळ आली की आपल्याकडे आरोग्य खाते कामाला लागते. पालखी मार्गावरील विहिरी, बोअर, हातपंप यांच्या पाण्याचे नमुने तपासले जातात. टँकर भरण्याच्या ठिकाणी ब्लीचिंग पावडर येते. याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की, उगमाचे पाणी तपासतात, टँकरही पाहतात. पण या दोहोंना जोडणारा पन्नास फुटांचा पाइप कोणीच पाहत नाही.

काही वर्षांपूर्वी नातेपुते मुक्कामी मी वैद्यकीय मदतीला होतो. रात्री एकाच दिंडीतील अकरा वारकरी जुलाब-उलट्यांनी बेजार होऊन आले. त्यातल्या दोन वृद्ध माउलींना सलाईन लावावे लागले. पहाटे त्यांच्या तळावर गेलो. दिंडीप्रमुख हात जोडून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पाणी तर सरकारी टाकीवरचंच भरलंय." ते खोटे बोलत नव्हते. भरण्याच्या नळाच्या पाण्यात ओटी टेस्टचे थेंब टाकले तर पाणी पिवळे झाले, म्हणजे क्लोरीन होते. मग त्यांच्या टँकरच्या तोटीचे पाणी घेतले. त्याला रंगच आला नाही. मधल्या मध्ये क्लोरीन खाल्ला कोणी?

पाइप दाखवा म्हटले. ट्रकमध्ये शेगडी आणि राहुट्यांच्या खुंट्यांखाली तो वेटोळे करून पडला होता. एक तोंड चिखलाने माखलेले, जोडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी. आत बोट फिरवले तर शेवाळासारखा बुळबुळीत थर हाताला लागला. याच पाइपाने ट्रॅक्टर धुतात आणि याच पाइपाने टँकर भरतात. जेवणही सगळ्यांचे एकाच पंगतीतले, तेव्हा दोष पाइपाचाच असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण उन्हात तापलेल्या पाइपात कालचे पाणी साचून राहिले की जंतूंना आयते घर मिळते, आणि आलेला क्लोरीन त्या घाणीवरच खर्ची पडतो.

याहून गंभीर गोष्ट दुसरीच आहे. फेस येऊ नये, पाणी उडू नये म्हणून पाइप टँकरच्या झाकणातून तळापर्यंत खुपसतात. अशा वेळी वीज गेली, पंप बंद पडला की नळातला दाब उतरतो आणि टँकरमधले पाणी उलटे ओढले जाते. ट्रॅक्टरच्या टाकीतून रबरी नळीने डिझेल काढताना जे घडते, तेच इथे घडते. म्हणजे एका दिंडीच्या टँकरमधली घाण सार्वजनिक नळात जाते आणि पुढच्या दहा दिंड्यांना मिळते. 1933 साली अमेरिकेत शिकागो शहरी हॉटेलांच्या सदोष नळजोडांमुळे पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. अमिबाच्या आमांशाने सुमारे शंभर माणसे दगावली. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, पाइप ही ज्याची त्याची खाजगी बाब नव्हे. भरण्याच्या नळावर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला अस्वच्छ पाइप जोडू न देण्याचा अधिकार हवा. रांग लांबेल, चार शब्द ऐकावे लागतील; पण लागोत.

दिंडीवाल्यांना करता येण्याजोगे बरेच आहे आणि खर्च फारसा नाही. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा ठेवावा. निघण्यापूर्वी बादलीभर पाण्यात चहाचा सपाट चमचाभर ब्लीचिंग पावडर कालवून ते निवळ पाणी पाइपात भरावे, दोन्ही तोंडे बांधून अर्धा तास ठेवावे, मग भरपूर पाण्याने धुवावे. टँकर भरताना पहिले थोडे पाणी जमिनीवर सोडावे. पाइपाचे तोंड पाण्यात बुडवू नये, वीतभर वर धरावे. काम झाले की पाइप पूर्ण रिकामा करून, तोंडाला स्वच्छ फडके किंवा बूच लावून टांगून ठेवावा.

पाणी भरल्यावर हजार लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात पावडर घ्यावी. म्हणजे पाच हजाराच्या टँकरला पंचवीस ग्रॅम. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरची निवळी तेवढी ओतावी आणि अर्धा तास कोणालाही पाणी देऊ नये. हा अर्धा तास सर्वांत कठीण, कारण वाटचाल करून आलेली माणसे तहानलेली असतात. तेव्हा दुपारच्या विसाव्याचे पाणी सकाळीच तयार ठेवावे. पावडरीची पिशवी उघडी राहिली तर तिचा दम जातो. वास येईनाशी झालेली पावडर वापरू नये.

परवा त्याच दिंडीप्रमुखांचा फोन आला. यंदा दोन नवे पाइप घेतोय, रंग कोणता घ्यावा, असे विचारत होते. म्हटले, कोणताही घ्या माउली, फक्त दोन्ही एकाच रंगाचे घेऊ नका.