कोयत्याच्या घरचे वजन

दसरा-दिवाळी उरकली की गेवराई तालुक्यातून माणसांनी भरलेले ट्रक, ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत त्या कोयत्यावर उचल किती हे लिहिलेले असते. त्यातल्या बाईचे वजन किती, हे कोणी लिहीत नाही. वजनाची चर्चा निघाली की शहरी माध्यमांना सुटलेली पोटे तेवढी दिसतात. आमचा आक्षेप या अर्धवट नजरेला आहे.

किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बॉडी मास इंडेक्स निघतो. हे सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या क्वेतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचे. तो डॉक्टर नव्हता, आणि त्याच्यासमोर होती ती युरोपातली माणसे. पुढे 25 पर्यंत ठीक, 30 पासून लठ्ठ, असे माप जगभर चालले. भारतीय तज्ज्ञांनी 2009 साली ते खाली आणले: 23 पासून वजन जास्त, 25 पासून लठ्ठपणा. 18.5 च्या खाली कुपोषण. म्हणजे 150 सेंटीमीटर उंचीच्या बाईचे वजन साधारण 42 ते 52 किलोंच्या दरम्यान हवे.

आपल्यासाठी माप वेगळे का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांची तुलना मांडली. दोघांचाही आकडा 22.3, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी 21 टक्के, युडकिन यांच्या 9 टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळेही त्यांच्या पथकाला अशीच आढळली: वजनाने हलकी, स्नायू कमी, चरबी मात्र राखलेली. अशा शरीराला पुढे मधुमेह लवकर गाठतो. याचे एक मूळ गर्भार आईच्या अर्धपोटी राहण्यात आहे. म्हणजे फडात मोळी उचलणाऱ्या गर्भवतीची उपासमार आणि तिच्या लेकाचा चाळिशीतला मधुमेह हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या सुमारे 21 स्त्रिया 18.5 च्या खाली आणि 23 जणी 25 किंवा त्यावर निघाल्या. दोन्ही टोके एकाच राज्यात! कमरेला टेप लावायला काय खर्च येतो? बाईची 80, पुरुषाची 90 सेंटीमीटरच्या वर गेली की धोका.

आमची मागणी साधी आहे. टोळी निघण्यापूर्वी प्रत्येक बाईचे वजन, उंची, कंबर मोजा. उन्हाळ्यात परतल्यावर पुन्हा मोजा. मधल्या महिन्यांत घटलेल्या किलोंचा जाब कारखान्याने द्यायचा की सरकारने, तेही त्याच कार्डावर लिहा.